गेली तर गेली : ऑफिशियल व्हिडिओ

२ मार्च २०२६
आजपासून रोजनिशी. मोठ्या आर्टिस्टवर पुढे डॉक्युमेंटरी निघते तेव्हा सुरुवातीचा काळ कोणालाच नीट आठवत नाही. म्हणून लिहून ठेवतोय. कोणी वाचायची नाही.

माझं नाव गहिनीनाथ. स्टेजवरचं नाव जी-नाथ. स्टेज अजून मिळालेलं नाही, पण नाव तयार असलेलं बरं. पारनेरजवळ घराच्या ओट्यावर दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळ दूध, मधल्या वेळात रॅप.

बायको दिपाली माहेरी, श्रीरामपूरला. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेली. ऑपरेशन कधीच झालं, सासरे आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात असं कळतं. जाताना ती म्हणाली होती, न्यायला या. मी हो म्हणालो की नाही आठवत नाही, कानात हेडफोन होते. आदल्या दिवशी थोडं वाजलंही होतं. तिचं म्हणणं, तुमी घरात असता अन् नसता बी. मी म्हणालो, क्रिएटिव्ह माणसाचं असंच असतं.

ठराव: न्यायला जाणार नाही. गाणं काढणार. क्लब रॅप, इलेक्ट्रॉनिक, फुल एनर्जी. ते ऐकून ती आपली आपण येईल. गुढीपाडव्याला रिलीज.

३ मार्च
आईला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, सून आनायला मानूस जातं, गानं न्हाई. आईला मार्केटिंग कळत नाही.

६ मार्च, दुपार
कानिफनाथच्या स्टुडिओत पहिली मीटिंग. कान्या माझा वर्गमित्र. त्याची बॉयलर कोंबड्यांची शेड आहे आणि एक लॅपटॉप आहे. शेडच्या ऑफिसात बसून बीट बनवतो. भिंतींना खाद्याच्या गोण्या लावलेल्या, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. मुंबईत यासाठी म्हणे वेगळा फोम लावतात.

मी लिहिलेलं वाचून दाखवलं. 'ये माघारी दिपे, चहा गोड लागंना.' कान्या म्हणाला, हे रडकं हाय, हळदीत कुठला डीजे वाजवनार? डीजेनं वाजवलं तरच गाणं चालतं. क्लबचं स्पीड म्हणजे मिनिटाला एकशेतीस ठोके. आम्ही एकशेतीसवर म्हणून पाहिलं. 'ये माघारी, ये माघारी' असं भरभर म्हटल्यावर सुटलेलं वासरू बोलावल्यासारखं वाटायला लागलं.

कान्याचा सल्ला, ॲटिट्यूड ठेव. बाईला ॲटिट्यूड आवडतो. कान्याचं लग्न झालेलं नाही, पण तो अभ्यास करून बोलतो.

९ मार्च
हुक सुचला, म्हणजे गाण्यात सगळ्यांनी मिळून ओरडायच्या ओळी. दूध मोजता मोजता सुचला, मोठे हुक असेच सुचतात.

गेली तर गेली, बेस वाढव!
तिची खुर्ची तिकडं सरकव!
गेली तर गेली, बेस वाढव!
आपलं काय अडलंय?

कान्या खुर्चीवरून उठून नाचला. ज्यावर तो कोंबड्यांचं वजन लिहितो तो पॅड त्याच्या हातातून पडला.

खुर्ची म्हणजे केंद्रातल्या फॅट मोजायच्या मशीनशेजारची निळी खुर्ची नव्हे. तिथं बसून दिपाली सगळ्यांच्या दुधाचं फॅट लिहायची. गाण्यातली खुर्ची कुठलीही असू शकते. प्रत्यक्षात मी ती निळी जागची हलवलेली नाही. लोकांना उभ्यानं लिहायला लावतो.

११ मार्च
तिसरं कडवं लिहिलं. त्यात मात्र सगळं खरं लिहिलंय. एका टेकमध्ये रेकॉर्ड झालं. कान्यानं डोळे पुसले. नंतर म्हणाला, खाद्याची धूळ डोळ्यात गेली.

पहिल्या दोन कडव्यांत ॲटिट्यूड, तिसऱ्यात काळीज. दिपाली शेवटपर्यंत ऐकणार. ती कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा
रिलीज नाही. व्हिडिओशिवाय ऑडिओ टाकणं म्हणजे बिनसाखरेचा चहा. अक्षय तृतीयेला दोन्ही एकदम.

आईनं एकटीनं गुढी उभारली. पुरणपोळ्या केल्या. एक जास्तीची झाली ती गायीला घातली. दूध घालायला आलेल्या आसारामबापूंनी विचारलं, सूनबाई कवा येनार? मी म्हणालो, प्रोजेक्ट चालू आहे. बापू म्हणाले, बरं.

२२ मार्च
मेहुणा सूर्यभान थेट श्रीरामपूरहून मोटरसायकलवर आला. आठ मेला त्याचं लग्न. पत्रिका हातात दिली. जावयाच्या ओळीत माझं नाव ठळक छापलंय. सूर्यभान म्हणाला, दाजी, तुमच्याबिगर मांडवडहाळे न्हाईत. सात तारखेला सकाळी तुमी अन् आक्का, शालीची गाठ बांधून डहाळे आनायचे. आदल्या दिशीच या. अन् लगीन उरकलं की आक्काला घिऊनच जा.

आमच्याकडे मांडवावर टाकायच्या फांद्या घरच्या जावयानं आणायच्या. वाजतगाजत, बायकोबरोबर. मोठा मान असतो. येतो म्हणालो.

सूर्यभान गेल्यावर विचार केला. हा ट्रॅप तर नाही? मी गेलो म्हणजे मीच न्यायला गेलो असं होतं. दिपालीनं स्वतः फोन केलेला नाही. पण सहा मेपर्यंत व्हिडिओ हिट झालेला असेल. मग मी जावई म्हणून नाही, स्टार म्हणून जातोय. हे वेगळं. तेव्हा जायचं, पक्कं.

आईनं सूर्यभानबरोबर दिपालीसाठी कुरडया दिल्या. मी काही दिलं नाही. माझं गाणं येतंय.

१२ एप्रिल
शूटिंग!! क्लब पाहिजे होता. पारनेरला क्लब नाही. पण कान्याची कोंबड्यांची बॅच गेलेली, शेड रिकामी, लांबच्या लांब. आत लाल-निळ्या लाइटा लावल्या. पिल्लांना ऊब द्यायचे पिवळे बल्ब वरून सोडले. या आठवड्यात थ्री फेज वीज दिवसा असते, म्हणून दुपारीच उरकायचं. पडदे लावून अंधार केला. शेडच्या जमिनीवर नुकताच चुना टाकलेला. लोक नाचायला लागले की खालून पांढरा धूर आपोआप. शहरात याला मशीन लागतं.

हिरोइन मोनिका, नगरला पार्लरचा कोर्स करते. तिची आई बरोबर आली आणि खुर्ची टाकून बसली. क्लबमध्ये पर्स मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसते असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मी दिसत न्हाई तिथं पोरगी नाचत न्हाई. मोनिकाला पिसांची ॲलर्जी निघाली. ॲटिट्यूड द्यायची वेळ आली की शिंक. कान्या म्हणाला, शिंका बीटवर बसवू.

नाचायला दूध घालणारे आमचे बारा-पंधरा जण. गॉगल घालून आसारामबापू असे नाचले की माझ्याकडे कोणी बघेना. त्यांना मागं उभं केलं.

संध्याकाळचं संकलन बंद ठेवलं. केंद्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. कलेसाठी करावं लागतं. दिपालीच्या वडिलांच्या ऑपरेशनला केंद्र बंद ठेवता आलं नव्हतं, पण ते अचानक ठरलं होतं.

१९ एप्रिल, अक्षय तृतीया
रिलीज नाही. एडिटिंग चालू. एक शिंक अजून बीटवर बसत नाही.

२४ एप्रिल
कान्यानं फायनल ऐकवलं. बेसनं खिडकी हलते. पण गाणं छोटं वाटलं. विचारलं. तो म्हणाला, तिसरं कडवं काढलं. दोन मिनिटांच्या वर कोनी थांबत न्हाई, अन् तिथं बीटच उतरतं, नाचनारे खाली बसत्यात.

मी गाणं परत एकदा लावायला सांगितलं. मग म्हणालो, ठीक आहे. प्रोफेशनल निर्णय घ्यावे लागतात. आणि भावना काय शब्दात असते का? बेसमध्येही असते. दिपालीला कळेल.

नंतर कान्याकडं ते कापलेलं कडवं मागितलं. लॅपटॉपात जागा नव्हती म्हणून उडवलं म्हणाला.

१ मे
रिलीज!! जी-नाथ, 'गेली तर गेली', ऑफिशियल व्हिडिओ. सकाळपासून व्ह्यू वाढतायत. काही मी आईच्या मोबाईलवरून वाढवले. पहिली कमेंट: या शेडला पिल्लं कोणत्या कंपनीची टाकता? दुसरी: कोपऱ्यातल्या मावशी जबरदस्त. ठीक आहे, चर्चा तर आहे.

दिपालीला पाठवलं नाही. माझ्याकडून लिंक गेली तर त्याला किंमत राहत नाही. सूर्यभानला पाठवलं, खाली लिहिलं, हळदीला वाजव, सरप्राइज. त्यानं अंगठा पाठवला.

४ मे
गाणं उचललं! सुप्याकडच्या दोन डीजेंनी हळदीत वाजवलं. लोक हुक ओरडतात म्हणे. मी म्हटलं होतं.

मोठी बातमी. कान्यानं माझा पहिला लाइव्ह शो ठरवला. सुप्याजवळ एका हळदीत. सात मे, संध्याकाळी.

सात मेलाच सकाळी श्रीरामपूरला मांडवडहाळे. विचार केला. सकाळी तिथं, संध्याकाळी इथं, जमणार नाही, घसा बसेल. फांद्या काय, चुलतेसुद्धा आणू शकतात. गाणं दुसऱ्या कोणाला म्हणता येणार नाही. आठ तारखेला थेट लग्नात जायचं. एन्ट्री. तेव्हाच दिपालीला गाडीत घालून आणायचं. हा प्लॅन आधीच्यापेक्षा चांगला आहे.

सूर्यभानला मेसेज केला, अर्जंट काम निघालं. आईला सांगितलं नाही.

८ मे, सकाळ
कालचा शो. लोक जाम नाचले. माइक चालू नव्हता हे नंतर कळलं. कान्यानं नुसतं गाणं लावलेलं आणि मी डीजेच्या पिकअप गाडीवर उभा राहून ओठ हलवत होतो. एक माणूस वर चढून म्हणाला, भाऊ, स्पीकरच्या म्होरून बाजूला व्हा, आवाज अडतोय. नवरीच्या काकांनी खालून विचारलं, ह्यो कोन? तरी एनर्जी होती. गाण्याचा आवाज माझाच होता.

आज श्रीरामपूरला लग्न. मुहूर्त साडेबाराचा.

८ मे, संध्याकाळ
गेलो नाही. सकाळचं दूध उरकायला उशीर झाला. शिवाय डोक्यात आलं, लग्नात लोकांनी मला ओळखलं तर सेल्फीला गर्दी होणार. नवरदेवाचा मान जाणार. सूर्यभानचा दिवस त्याचाच राहायला पाहिजे. अशा वेळी आपण मोठं मन दाखवायचं.

आई संध्याकाळी एवढंच म्हणाली, मी तरी जायाला पायजे हुतं.

९ मे
सूर्यभानच्या चुलत भावाच्या स्टेटसला हळदीचा व्हिडिओ. माझं गाणं!! सगळा मांडव नाचतोय. सुरुवातीला दिपाली दिसते. हिरवी साडी. डीजेवाल्याच्या कानाजवळ काहीतरी सांगते, हसते, आणि दोन बायकांचे हात धरून त्यांना ओढत पुढं आणते. मग बीट पडतं. मग हुक येतो. पुढच्या व्हिडिओत ती दिसत नाही. हळदीची वाटी आणायला आत गेली असेल.

किती दिवसांनी तिला हसताना पाहिलं. स्टेटस परत परत लावून पाहिला. ती बायकांना ओढते तिथपर्यंतच पाहिला.

मिशन सक्सेस. आता फोन येईल.

१३ मे
फोन नाही. लाजत असेल. सेलिब्रिटीच्या बायकोला वेळ लागतो.

१७ मे
अधिक महिना लागला! हे माझ्या लक्षातच नव्हतं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवावंच लागतं. पुरणाचे धोंडे, अनारसे, नवीन कपडे. बोलावणं येणार, मी जाणार, जेवणार, येताना दिपाली बरोबर. म्हणजे मी न्यायला गेलो असं होत नाही, त्यांनी बोलावलं असं होतं. याहून सोपं काय? नवीन शर्ट शिवायला टाकला.

२३ मे
कान्याला त्याच्या मामानं धोंडे जेवायला बोलावलं. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही, भाचा म्हणून बोलावलं. मला अजून नाही. श्रीरामपूरकडे उशिरा करत असतील.

शर्ट आला. चांगला बसतो.

२६ मे
आईनं मला न विचारता सासूबाईंना फोन लावला. बराच वेळ बोलली. मग येऊन ओट्यावर बसली. निळ्या खुर्चीवर नाही, पायरीवर.

आईनं सांगितलं ते असं. सात तारखेला दिपाली सकाळपासून शाल खांद्यावर घेऊन दारात उभी होती. सूर्यभाननं माझा मेसेज दाखवला तरी म्हणत होती, त्ये असंच म्हनत्यात, पर येत्याल. वाजंत्री खोळंबली. शेवटी चुलता-चुलतीची गाठ बांधली आणि डहाळे आणले. ती त्यांच्या मागून चालत गेली.

संध्याकाळी सूर्यभाननं तिला गाण्याचं सांगितलं. तिनं ते ऐकलेलं नव्हतं. ऐकायच्या आधीच सगळ्या मांडवाला सांगत सुटली, आमच्या ह्यांनी गानं काढलंय. डीजेला तिनंच सांगितलं लावायला. मावश्यांना, मामीला ओढून आणलं नाचायला. अन् मंग त्ये गानं सुरू झालं, आई म्हणाली.

लोकांनी तीन वेळा लावलं म्हणे. बीट चांगलं होतं.

मग आई म्हणाली, काय म्हनलायस रे त्यात? लाव बघू. मी म्हणालो, नेट नाही.

२७ मे
गैरसमज आहे. समोरासमोर सांगितलं की दूर होईल. कॉन्सेप्ट समजावून सांगायचा. ॲटिट्यूड म्हणजे काय, मार्केट म्हणजे काय. आणि सांगायचं, घरी चल. उद्या-परवा जातो. बोलावण्याची वाट पाहत नाही.

ठराव: हेडफोन नेणार नाही.

२९ मे, संध्याकाळ
सकाळचं दूध आईवर सोपवून पहिल्या एसटीनं श्रीरामपूरला गेलो. नवीन शर्ट घातला.

सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. या पाव्हणं म्हणाल्या. दुधाला काय भाव चाललाय विचारलं. सासरे पेपर वाचत होते, वाचतच राहिले. धोंड्याचं कोणी काही बोललं नाही.

दिपाली पडवीत गहू निवडत बसली होती. मी समोर बसलो. ती बारीक झालीय. मी विचारलं, गाणं पाहिलं का? ती म्हणाली, पाठ हाय. आणि गहू निवडता निवडता तिनं म्हणून दाखवलं. चाल नाही, बेस नाही. आपण किराणा सांगतो तसं. गेली तर गेली. तिची खुर्ची तिकडं सरकव. आपलं काय अडलंय.

मी ते शंभर वेळा ऐकलंय. असं कधी ऐकलं नव्हतं.

मी घाईनं म्हणालो, अजून एक कडवं होतं, तिसरं. कान्यानं कापलं. त्यात सगळं वेगळं आहे. ती थांबली. हातातले गहू सुपात टाकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, म्हना की मग.

मला आठवेना. मीच लिहिलेलं, एका टेकमध्ये म्हटलेलं, आणि पहिला शब्द आठवेना. ती वाट पाहत होती. खरंच पाहत होती. शेवटी तीच म्हणाली, गान्याचं ऱ्हाऊ द्या. साधं सांगा, कशाला आलात?

एवढंच विचारलं होतं. घरी चल, दोन शब्द. एसटीत सगळा रस्ता तेच घोकत गेलो होतो. दारात सासूबाई उभ्या होत्या, आत सासऱ्यांचा पेपर वाजायचा बंद झाला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, इकडं काम होतं थोडं.

तिनं मान हलवली. म्हणाली, मग करून घ्या काम, ऊन वाढायच्या आत. आणि परत गहू निवडायला लागली.

मी उठलो. येतो म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, जेवून जा. मी म्हणालो, काम आहे.

बाजारात गेलो. काही कामच नव्हतं. बराच वेळ फिरलो. मग एका भांड्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार काय पाहिजे म्हणाला तेव्हा मी नुसता भांड्यांकडे बघत उभा राहिलो, त्याला वाटलं ऊन लागलं. त्यानं बसायला स्टूल दिलं.

दुधाची गाळणी घेतली. घरी दोन आहेत.